धुतलेले गहू

माझी आई फार प्रेमळ होती असं कुणी म्हणालं की मला अजून राग येतो. म्हणणाऱ्याचं काय जातं? तो तिच्याबरोबर एका खोलीत राहिलेला नसतो. प्रेमळ माणसाच्या घरात राहणं म्हणजे काय, ते मला विचारा. जेवायला बसलं की ती डोळे मिटायची आणि प्रार्थनेत एकेकाचं नाव घ्यायची. आधी आम्हाला शिव्या देणारे, मग आमची सावली टाळणारे, मग उरलेलं गाव. तोवर माझी भाकरी गार. "देवबापा, छबूबाईच्या गुडघ्याला आराम दे," असं ती म्हणाली की मी मनात म्हणायचे, दुसराही जाऊ दे. देवाने आमच्या दोघींपैकी कुणाचंच ऐकलं नाही. आमची शेजारीण छबूबाई एका पायाने लंगडतच राहिली आणि तोंड मात्र तिचं झकास चालत राहिलं.

आईचं नाव तबीथाबाई. वडील शांतवन, सुतार. देवाच्या लेकाचाच धंदा आपल्या वाट्याला आला, असं ते हसून सांगायचे. आम्ही नगर जिल्ह्यातले. चोपन्न सालच्या सुमाराला पिंपरीत औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता. तिथे एका ठेकेदाराने वडिलांना लाकूडकामावर घेतलं आणि आम्ही तिघं बिऱ्हाड घेऊन निघालो. मी, एस्तेर, तेव्हा एकोणीस वर्षांची होते, मिशनच्या बोर्डिंगातून सातवी होऊन घरी बसलेली. लग्न जमत नव्हतं, आणि स्वभाव तर आधीपासूनच असा.

कारखान्याजवळच्या खोल्या निर्वासितांनी भरलेल्या होत्या. म्हणून पवनेच्या काठाला, रावेतच्या अलीकडच्या एका गावात आम्ही खोली शोधायला गेलो. गावाचं नाव सांगत नाही. तिथे आता माझी नात फ्लॅट घेऊन राहते आणि सोसायटीच्या नळाचं पाणी पिते, तिला कशाला उगाच त्रास.

प्रत्येक दारात प्रश्न एकच. "किरिस्ताव व्हय? बरं, आन आधी कोन?"

म्हणजे बाप्तिस्म्याच्या आधीची जात कुठली. वडील शांतपणे सांगायचे, "आधी लहान होतो, मग मोठा झालो." यावर दार बंद व्हायचं. असं करत करत गाव संपलं. गावाच्या टोकाला एकच घर उरलं, ते गोजाबाईचं.

गोजाबाई साठीची विधवा. पाठ ताठ आणि जीभ कोयत्यासारखी. तिच्या घराला लागून गोठ्याची एक खोली होती. गुरं उरली नव्हती, म्हणून ती रिकामी होती. खोली तिची, पण भाडं तिला मिळणार नव्हतं. ते तिचा दीर नानासाहेब घेऊन जायचा. नानासाहेब गावचा पुढारी. भाऊ वारल्यावर वहिनीचं रान त्याने 'सांभाळायला' घेतलं होतं आणि इतकी वर्षं झाली तरी तो ते सांभाळतच होता.

"आडाला हात लावायचा न्हाई," गोजाबाईने पहिल्याच दिवशी बजावलं. "नदीत झिरा उकरून पानी आना. माज्या चुलीपाशी यायचं न्हाई. कोरडं चालतं, वलं चालत न्हाई. कळलं?"

कोरडं म्हणजे दाणे, शेण्या, सरपण. ते कुणाच्याही हातून घेतलं तरी विटाळ होत नाही. ओलं म्हणजे पाणी, आणि पाणी लागलेलं सगळं. भिजवलेलं पीठ, भाकरी, कालवण. ते आमच्या हातचं पोटात गेलं की माणूस बाटला. त्या गावाचा सगळा धर्म या एका ओळीत बसला होता आणि तो लहानथोर सगळ्यांना तोंडपाठ होता.

गावाने आमचं स्वागतही यथासांग केलं. रविवारी आई गायला लागली की कौलांवर खडे पडायचे. नदीतला आमचा झिरा कुणीतरी शेणाने बुजवून ठेवायचं, वडील कामावरून येऊन दुसरा उकरायचे. सायकलची हवा तर रोजच गेलेली. आई म्हणायची, "लेकरं आहेत." त्या लेकरांना मिशा होत्या.

आता आईच्या मुठीचं सांगते. तिच्या माहेरी बायका दळायला बसल्या की पहिली मूठ दाणे बाजूला काढायच्या. ती देवाची मूठ. गाडग्यात साठवायची आणि रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नेऊन द्यायची. मूठ गाडग्यात सोडताना आई डोळे मिटून दोन शब्द पुटपुटायची. पण इथे देऊळ कुठलं? खडकीचं देऊळ लांब, दर रविवारी जाणं कुठलं जमायला. आमची उपासना त्या गोठ्यातच व्हायची. वडील पवित्र शास्त्र वाचायचे, आई गायची आणि मी माशा हाकलायचे. नगर सोडताना तिथल्या देवळाच्या पाळकसाहेबांनी आईला सांगितलं होतं की देऊळ लांब पडलं तर देवाची मूठ जवळच्या भुकेल्याला द्यावी. मला वाटलं, मग प्रश्न मिटला. जवळचे भुकेले म्हणजे आम्हीच. आमच्याकडे वडिलांच्या दोन भाकऱ्या, तिसरी माझी आणि उरल्यासुरल्या पिठाची आईची, असा हिशेब होता.

आमच्या आणि गोजाबाईच्या चुलीच्या मध्ये कुडाची भिंत होती. संध्याकाळी पलीकडून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. एकदा आई पीठ मळता मळता थांबली.

"एस्तेर, ऐक."

"काय ऐकू? म्हातारी भाकरी करतेय."

"भाकरी नाही गं ती. काथवट रिकामी आहे."

मी कान दिला. पिठाच्या गोळ्यावर हात पडला की आवाज बसका येतो. रिकाम्या लाकडावर पडला की कोरडा येतो. म्हातारी रोज शेणी पेटवून धूर करायची आणि रिकाम्या काथवटीवर हात आपटत बसायची. गावाला वाटावं, चूल पेटली. दिराकडे मागायचं नाही आणि तो देत नाही हे कुणाला कळू द्यायचं नाही. पोट मारायचं, पण अब्रू राखायची.

आई त्याच पावली भाकरी घेऊन निघाली. मी सांगत होते, जाऊ नकोस. गोजाबाईने दारातच ती भाकरी काठीने उडवली. "मला बाटवाया आलीस व्हय गं भवाने? माजी चूल पेटल्याली दिसत न्हाई तुला?" भाकरी कुत्र्याने खाल्ली. ती माझ्या वाटणीची होती, हे सांगायचं राहिलं.

आई परत आली ती कपाळावर हात मारत. "चुकलंच माझं," ती म्हणाली. "ओलं घेऊन गेले मी."

पुढच्या रविवारी दुपारी सगळी आळी झोपली होती. मागच्या आवारात दोन घरांच्या मध्ये बुटकी भिंत होती, तिच्यावर गोजाबाईचं सूप राहून गेलं होतं. आईने गाडग्यातली बाजरी त्या सुपात ओतली आणि मुकाट्याने आत आली. संध्याकाळी सूप जागेवर नव्हतं. कुडापलीकडून बसका आवाज आला. आईने हातातलं काम टाकलं आणि ऐकत बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला मात्र एवढंच कळत होतं की आमची बाजरी गेली.

त्याच्या पुढच्या रविवारी सूप पुन्हा भिंतीवर होतं. या वेळी ते राहून गेलेलं नव्हतं.

असं वर्षभर चाललं. दोघी त्यावर एका शब्दाने बोलल्या नाहीत. उलट गोजाबाईच्या शिव्यांना जास्तच धार चढली. आई अंगण झाडायला लागली की, "तुजा केर माज्या उंबऱ्याकडं येतोय." गायला लागली की, "बंद कर ती किरकिर, म्हस आटंल कुनाची." एकदा तर भर रस्त्यात छबूबाईपुढे म्हणाली, "या लोकांचं तोंड बघितलं की दिस वाईट जातो बघ." त्या दिवशी रविवार होता आणि सूप भिंतीवर होतं.

"खाते आपलं आणि भुंकतेही आपल्यावरच," मी म्हणायचे.

"तिला घ्यावं लागतंय ना," आई म्हणायची. "घेणाऱ्याच्या जिवाला लागतं ते. आपलं काय, आपण नुसतं ओतून मोकळं."

अशी उत्तरं देणाऱ्या बाईशी भांडायचं तरी कसं? मी भांडी आपटायचे, दुसरं काय करणार.

दुसऱ्या वर्षीचा नाताळ जवळ आला. त्याच दिवसांत नानासाहेबाचा सर्जा नावाचा बैल आजारी पडला. नदीवर जाता-येता तो गोठ्यात मान टाकून बसलेला दिसायचा. समोर चारा तसाच. आईला त्याची दया आली. मीही समजू शकते, त्या बैलाने आमचं काही बिघडवलं नव्हतं. पण संध्याकाळच्या प्रार्थनेत आई मोठ्याने म्हणाली, "प्रभू, नानासाहेबांच्या सर्जावर तुझा हात ठेव." छबूबाई समोरच राहायची आणि तिचा एक कान कायम आमच्या दाराला असायचा. सर्जाचं नाव तिने नीट ऐकलं. लगोलग बैल मेला.

एवढ्यावर भागलं असतं. पण नाताळचा देवाचा वाटा बाजरीचा कसा द्यायचा? आईने हट्टाने वडिलांना चिंचवडहून थोडे गहू आणायला लावले. गव्हाची पोळी आम्हालाही सणालाच दिसायची, आणि त्यातले निम्मे गहू बाईने देवाच्या गाडग्यात टाकले. बरं, तेवढ्यावर तरी थांबावं. तिच्या माहेरची रीत होती की नाताळचा वाटा धुऊन द्यायचा. खडे-माती असलेलं देवाला द्यायचं नाही. तिने ते गहू नदीच्या पाण्यात तीनतीनदा धुतले आणि दारासमोर गोधडी पसरून वाळत घातले. भर उजेडात, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत.

"आई, ओले," मी म्हणाले.

"वाळतील की."

"वाळले तरी पाणी लागलंय त्यांना."

तिने माझ्याकडे बघितलं, मग गव्हांकडे बघितलं. पण ते गहू दिसत होते असे स्वच्छ की तिचं मन मोडवेना. "देवाचा वाटा आहे," ती म्हणाली. "तिला कुठे कळणार आहे?" आयुष्यात एकदाच ही बाई काही लपवायला निघाली होती, आणि तेही गोधडीवर पसरून.

नाताळच्या दुपारी गहू सुपात पडले. छबूबाईची शेळी सुटली होती, तिच्या मागे ती आवारात आली. सूप बघितलं. गोजाबाईकडे गहू कुठले? आदल्या दिवशी गोधडीवर कुणाचे गहू वाळत होते? त्या बाईचं डोकं अशा कामात सरकारी वकिलाला ऐकायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सांजेला पारावर बोलावणं आलं. वडील कामावरून आले तसेच गेले, अंगावर लाकडाचा भुसा. आई आणि मी मागे. पारावर नानासाहेब बसला होता, शेजारी म्हातारे उद्धवराव. गावात शेवटचा शब्द उद्धवरावांचा चालायचा. आजूबाजूला बाप्ये, आणि मारुतीच्या देवळाच्या भिंतीला लागून बायका. त्यांच्यात गोजाबाई पदर कपाळापर्यंत ओढून उभी होती.

"ही बाई गाडग्यातल्या दाण्यावर डोळं झाकून मंतर टाकती," नानासाहेब म्हणाला. "माज्या सर्जाचं नाव घेतलं, सर्जा गेला. आता त्येच दाणं माज्या वहिनीच्या भितीवर ठिवती. करनी न्हाई तर काय? वहिनी गेली म्हंजी घर हिला मोकळं."

घर कुणाला मोकळं हवं होतं, ते आम्हाला ठाऊक होतं. कारखान्यातल्या कामगारांसाठी तिथे चाळ बांधायचा त्याचा बेत होता. ज्या गवंड्याशी तो बोलला होता तो कारखान्याच्या कामावर वडिलांच्याच शेजारी असायचा.

"उद्याच्या उद्या खोली मोकळी करा," नानासाहेब म्हणाला. "आन पंचक्रोशीत दुसरी कोन देतंय तेबी बगतो."

कुणीच देणार नव्हतं. दारोदार फिरून आम्ही ते आधीच शिकलो होतो. खोली गेली की वडिलांचं काम गेलं, आणि नगरकडे परत जाऊन खायचं काय, तर दुष्काळ.

उद्धवरावांनी हात वर केला. "बाई, दाणं कशापायी ठिवलं व्हतं? खरं सांग. सांगितलंस तर इचार करू."

एवढंच तर सांगायचं होतं. म्हातारी उपाशी होती. वर्षभर ती हेच दाणे खातेय आणि तिला काडीचंही काही झालेलं नाही. एका वाक्यात आम्ही सुटलो असतो. मी तोंड उघडलं तोच आईने माझं मनगट धरलं. जातं ओढणाऱ्या बाईची पकड ती, हात बधिर झाला माझा.

"ते मला सांगता येत नाही," आई म्हणाली.

"ऐका!" नानासाहेब हसला. "सांगता येत न्हाई! शांतवन, तुजं काय म्हननं?"

वडिलांना सगळं माहीत होतं. त्यांनी आईकडे पाहिलं, बाहीवरचा भुसा झटकला. "ती म्हणाली तेच," ते म्हणाले.

असं आमचं घर. माझा संताप झाला होता. गावावर नाही, या दोघांवर. कुणासाठी हे चाललं होतं? ज्या बाईने माझी भाकरी कुत्र्याला घातली तिच्यासाठी. आणि तिला काय करायचं होतं? नुसतं गप्प उभं राहायचं होतं. आम्ही गेलो की तिची अब्रू आयती शिल्लक.

नानासाहेब भिंतीकडे वळला. "वहिनी, तुमास्नी काय ठावं न्हवतं न्हवं? या बयेनं गुपचूप ठिवलं न्हवं दाणं?"

गोजाबाई भिंत सोडून पुढे आली.

"करनी म्हनतोस?" ती म्हणाली. "मग मी मेले का न्हाई?"

"म्हंजी?"

"म्हंजी तुजं डोस्कं. वरीस झालं, दर रव्वारी हिचंच दाणं खातीया मी. सूप मीच ठिवती भितीवर. तुज्या सर्जानं खाल्लं न्हाई म्हनून त्यो मेला. मी खाल्लं म्हनून हुबी हाय."

बायका पदर तोंडाला लावून एकमेकींकडे बघायला लागल्या. नानासाहेबाचा आवाज एकदम खाली आला. "घरात व्हतं की खायाला..."

"काय व्हतं? माजं रान तू खातोस. माज्या खोलीचं भाडं तू नेतोस. तुजी लाज झाकाया रिकामी काथवट बडवली मी, रोज, हात सुजंपातुर. दारावरनं जातायेता तुला ऐकू आलं न्हाई. या किरिस्तावणीला कुडाआडनं ऐकू आलं."

उद्धवरावांनी घसा साफ केला. माणूस वाईट नव्हता, वाट काढायला बघत होता. "हे बगा, कोरडं दाणं व्हतं. कोरड्याला इटाळ न्हाई, ही रीत आपलीच हाय. गोजावहिनीचा दोष न्हाई आन या बाईचाबी न्हाई. मिटलं."

मिटलंच होतं.

"कोरडं कुटलं?" छबूबाई लंगडत पुढे आली. "धुतलं व्हतं गहू! गोधडीवर वाळत घातल्यालं मी या डोळ्यांनी बगितलं."

सगळे आईकडे वळले. उद्धवरावांनाही 'नाही' ऐकायचं होतं, त्यांच्या तोंडावर मला ते दिसत होतं. "बाई," ते म्हणाले, "धुतलं व्हतं का?"

मी देवाला म्हणाले, एकदा. एकदाच हिला खोटं बोलू दे, हवं तर ते पाप माझ्या नावावर लाव. नुसते पाखडले, झटकले, काहीही म्हणू दे. गप्प राहून भागणार नव्हतं, गप्प राहणं म्हणजे हो म्हणणंच होतं. आईने गोजाबाईकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तिला घाबरलेलं पाहिलं.

"धुतले होते," ती म्हणाली. "नाताळ होता... तसेच द्यायला मन होईना."

"खाल्लं?" उद्धवरावांनी गोजाबाईला विचारलं.

"खाल्लं. भरडून लापशी रांधली. बिनगुळाची व्हती, तरी ग्वाड लागली." मग ती आईवर तुटून पडली. "आन तू गं! तुला धुवाया कुनी सांगितलं व्हतं? वरीसभर नीट चाललं व्हतं माजं. लई पिरेम उतू चाललं व्हय तुजं? जळो तुजं पिरेम!"

गोजाबाईचं आणि माझं कशातच कधी पटलं नाही. तेवढं मात्र पटलं.

करणीची गोष्ट तिथेच पडली. वहिनीला उपाशी ठेवणाऱ्या पुढाऱ्याला त्यानंतर कुणापुढे तोंड वर करून बोलता येईना, म्हणून खोलीही आमची आम्हाला राहिली. गोजाबाई मात्र बाटली. प्रायश्चित्त होईपर्यंत तिला आड बंद, कुणी विस्तव द्यायचा नाही, उंबऱ्यात घ्यायचं नाही. आणि प्रायश्चित्त म्हणजे गावजेवण. जिच्या घरात मूठभर दाणे नव्हते तिने गाव जेवू घालायचं होतं.

आई घरी येऊन चुलीपुढे बसली आणि हुंदके देऊन रडली. "माझ्या हौसेपायी झालं," एवढंच म्हणत राहिली. मला तिची दया येत होती आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटत होतं. दुसऱ्या दिवशी ती गोजाबाईच्या दाराशी पाण्याची कळशी ठेवून आली. गोजाबाईने ती अंगणात उपडी केली. तिसऱ्या दिवशीही तेच. म्हातारी स्वतः घागर घेऊन नदीकडे निघाली होती, पण गुडघ्यांना उतार झेपेना, अर्ध्या वाटेवरून परत आली. तिला कुणी हात दिला नाही. कुडापलीकडून ना बसका आवाज यायचा, ना कोरडा. आई चुलीशी बसून नुसती त्या भिंतीकडे बघायची.

शनिवारी दुपारी आई-वडील झिऱ्यावर गेले होते. मी एकटी होते. दारात सावली पडली. गोजाबाई होती. हातात तांब्या, ओठ फुटलेले.

"आई कुटं हाय?"

"झिऱ्यावर."

"बरं झालं. तिचं त्वांड बगायचं न्हाई मला." तिने तांब्या उंबऱ्याच्या आत धरला. "पानी दे."

मी जागची हलले नाही. आई असती तर धावली असती. मला ती कुत्र्यापुढची भाकरी आठवली, कौलांवरचे खडे आठवले, पारावर आईला जळो म्हणालेली आठवली.

"ओलं आहे," मी म्हणाले.

"ठावं हाय. आता काय ऱ्हायलंय बाटायचं? वत."

मी माठातून ओतलं. थोडं सांडलं. "नीट वत की," ती खेकसली. "नदीवरनं डोक्यावर आनल्यालं हाय ते." तिने उभ्या उभ्या सगळा तांब्या घशात रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला. मी पुन्हा भरला. पिऊन झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं, माझ्या काथवटीकडे एक नजर टाकली आणि वळली. उंबऱ्यावर थांबली.

"आईला सांग, उद्या सूप ठिवनार न्हाई मी. दाणं नगं. भाकरीच दे म्हनावं."

"सांगते."

"आन जाड नगं म्हनावं. पयल्या दोन चांगल्या पातळ थापती. तिसरीला थापा कमी पडत्यात, जाडच ठिवती. घाई करती बाई. समदं ऐकू येतं मला हितनं."

घाई नव्हती ती. तिसरी भाकरी माझी असायची. वर्षभर ती म्हातारी पलीकडे पोटाशी पाय घेऊन आमच्या भाकरीच्या थापा मोजत बसली होती, आणि ती जाड भाकरी रोज खाऊन, तिच्यात आईचं जास्तीचं पीठ आहे हे मला कधी कळलं नव्हतं.

"जाडच देईल ती तुम्हाला," मी म्हणाले, आणि तिच्या हातातला तांब्या घेऊन पुन्हा भरून दिला.